खो मागूनच यायला हवा

(दृश्य: खो-खोचं मैदान. मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, बसलेल्या मुली. कॅमेरा जमिनीलगत.)

आठ जणी बसल्यात. एकीचं तोंड पूर्वेला, शेजारणीचं पश्चिमेला. नववी पळतेय. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. समोरची गडी पलीकडं निसटली, की हिच्याकडं एकच उपाय उरतो. बसलेल्या मैत्रिणीच्या मागं जायचं, पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं म्हणायचं, 'खो!'

आता बसलेलीकडं बघा. टाच उचललेली, बोटं मातीत रुतलेली. खो कधी मिळणार, हे तिला दिसत नाही. ते पाठीला कळतं आणि कानाला कळतं.

(मैदानाच्या कडेचा आवाज वाढतो.)

सांगलीतल्या एका शालेय सामन्याचा हा आवाज. "उठ की! आगं उठ!" "खो दे की तिला!" "खांबाकडं बघ, खांबाकडं!" ओरडणारे आईवडील आहेत, मामा आहेत, आजोबा आहेत. फक्कीची रेघ त्यांच्या चपलांखाली पुसली गेलीय.

(तेच दृश्य, संथगतीनं.)

डावीकडून चौथी मुलगी. पाठीवर अजून हात पडलेला नाही, पण 'खो' तिच्या कानावर आला, रेघेबाहेरून. ती उठली. पंचांची शिट्टी, फाउल. आता पाठलाग करणारीला उलट दिशेनं जावं लागणार आणि हाताशी आलेली गडी सुटली. मुलीनं मान वर करून सगळ्यात आधी कुणाकडं पाहिलं, ते पडद्यावर दिसतंय.

(दृश्य: मैदानाबाहेरच्या दुचाकी, डबे, पाण्याच्या बाटल्या.)

या पालकांची माया खोटी नाही. कुणी कुपवाड एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून थेट इथं आलंय. कुणी मार्केट यार्डातले हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आत लेकीला सोडायला आलंय. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्यपदक मिळवणारा वेटलिफ्टर संकेत सरगर याच शहरातला, चहा-पानाची टपरी चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवून तो जिंकला. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. हे सगळं घराघरांत पोचलंय. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, ही शिडी पालकांना तोंडपाठ झालीय. पण चौदा वर्षांखालच्या मुलीनं सकाळच्या एका डावात ती सगळी चढून दाखवावी, ही अपेक्षा चुकीचीच आहे.

(दृश्य: सराव संपल्यावर सर पालकांना मैदानात बोलावतात.)

या संघाच्या सरांनी पालकसभा घेतली, ती वर्गात नाही, मैदानावर. भाषण केलं नाही. चपला काढा म्हणाले आणि आठ पालकांना मधल्या पाटीवर बसवलं, नवव्याला पाठलागाला उभं केलं. साड्यांचे पदर खोचले गेले, पँटी दुमडल्या गेल्या. एका काकांना उकिडवं बसताच येईना, त्यांना गुणपत्रक धरायला दिलं. तीन मुली पळायला उतरल्या. बाकीच्या सगळ्या रेघेवर उभ्या राहिल्या आणि सरांनी त्यांना सांगितलं, दर रविवारी जे ऐकता, तेच ओरडा.

"उठा की आण्णा!" "खो द्या, खो द्या!" "काय करालाईसा?"

एक वडील खो नसताना उठले. एक आई खो मिळूनही बसूनच राहिली. मग दोघं एकदम उठले. डाव संपेपर्यंत तिघींपैकी एकही बाद झाली नाही. दुसऱ्या डावात सरांनी मुलींना गप्प उभं केलं. ऐकू येत होती फक्त पायांची धावपळ आणि मधूनच एक खणखणीत 'खो'. या डावात दोन मुली बाद झाल्या. पालक धापा टाकत बसले, तेव्हा सरांना फार काही समजावावं लागलं नाही.

ओरड्याला कंटाळून सातवी-आठवीत खेळ सोडणारी मुलंही आहेत.

(दृश्य: सुतळी बांधणारे हात.)

त्यानंतर मैदानाच्या रेघेपासून दहा पावलांवर सुतळी बांधली गेली. पालक सुतळीबाहेर. टाळ्या चालतील, दोन्ही संघांसाठी. डाव सुरू असताना सूचना द्यायच्या त्या सरांनी. पंचांचा निर्णय पटला नाही तर कर्णधार किंवा संघ व्यवस्थापक बोलेल, वडील टेबलाकडं जाणार नाहीत. जन्मतारखेचा खरा दाखला, वेळेवर डबा, कापलं-खरचटलं तर औषधाची पेटी, आणि बाहेरगावच्या सामन्याला वडाप, म्हणजे भाड्याची जीप, ठरवणं, ही कामं पालकांची. घरी जाताना गाडीवर मुलीनं स्वतःहून विषय काढला तरच खेळावर बोलायचं.

(दृश्य: पुढचा सामना. सुतळीमागं पालक.)

सामना चुरशीचा आहे. एका वडिलांचा पाय सुतळीपलीकडं पडला. शेजारच्या बाईंनी नुसता त्यांचा शर्ट धरला आणि ते मागं आले. मैदानात सर एका बाजूनं बोलतायत आणि मुली त्यांचंच ऐकतायत. मध्यंतरात पाणी न्यायला दोन आया आत आल्या, बाटल्या दिल्या, रिकाम्या बाटल्या उचलल्या आणि शिट्टी व्हायच्या आत बाहेर गेल्या.