गळका नळ आणि आमच्या अंगणातला उन्हाळा

हा टप टप आवाज ऐका. हा आमच्या मागच्या अंगणातला नळ, धुणं धुवायच्या दगडाशेजारचा, मार्चमध्ये त्याचा वायसर गेला आणि प्लंबरला फोन करायला मी मोबाईल हातात घेतला तेवढ्यात आई म्हणाली, थांब जरा, तो दयाळ बघ. काळापांढरा, शेपटी ताठ उभी, नळाच्या तोंडाला चोच लावून एकेक थेंब पीत होता. आईने खाली एक जुनी परात सरकवली, आत दोन दगड ठेवले, आणि मग तो नळ अख्खा उन्हाळा तसाच राहिला. बादली लावून मोजलं होतं आम्ही, दिवसाला चार-पाच लिटर पाणी, ते परातीतून वाहून पुढे लिंबाच्या आळ्यात जातं, वाया काहीच जात नाही.

नाशिकमध्ये पक्षी म्हटलं की लोक पहिलं नांदूर मध्यमेश्वरचं नाव घेतात आणि बरोबरच आहे, गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं ते पाणथळ, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, झालं ते. पण तिथली मोठी गर्दी हिवाळ्याची. मार्च संपता संपता पाहुणे उत्तरेकडे निघून जातात आणि आपले कॅमेरे कपाटात जातात. आणि नेमकं तेव्हाच घरामागच्या झाडांवर खरी धावपळ चालू होते, कारण आपल्याकडच्या कितीतरी पक्ष्यांचा हाच संसाराचा काळ, पारा चाळीसला टेकलेला असताना ही मंडळी काड्या गोळा करत असतात.

आधी परातीवर कोण कधी येतं ते दाखवते. पहाटे साडेपाचला दयाळ, तो आधी गच्चीच्या टाकीवर बसून गाणार आणि मगच खाली येणार. सातच्या सुमाराला बुलबुलाची जोडी, डोक्यावर काळी टोपी आणि बुडाखाली लाल ठिपका. मग सातभाई, सात काय, यंदा मी अकरा मोजले, कचकच करत एकदम उतरतात, एकटा कधीच येत नाही. दहानंतर होले येतात आणि इथे एक गंमत नीट बघा, बुलबुल काय, चिमणी काय, चोचीत पाणी घेऊन मान वर करतात तेव्हा कुठे ते घशाखाली उतरतं, पण होला चोच पाण्यात बुडवून आपण स्ट्रॉने पितो तसा सलग ओढतो, मान उचलतच नाही. कबुतराचंही तसंच.

दुपारी एक ते चार. या वेळात मी आधी कधी मागचं दार उघडलेलंच नव्हतं. आंब्यात कावळा बसलाय, चोच उघडी, पंख अंगापासून सुटे धरलेले. पक्ष्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर काढायची तर चोच उघडून धापा टाकायच्या, आणि धापा टाकल्या की अंगातलं पाणी भराभर जातं. म्हणून उन्हाळ्यात पाणी ठेवा असं सगळे म्हणतात. पण कसं ठेवायचं तेही सांगते, कारण खोल बादली ठेवली तर लहान पाखरू बुडतं. भांडं पसरट हवं, पाणी दोन इंचाच्या आतबाहेर, मधे टेकायला दगड, जागा सावलीची पण झुडपाला अगदी खेटून नाही, नाहीतर मांजर दबा धरून बसतं. आणि रोज घासून नवं पाणी, नुसतं वरून ओतत राहिलं की शेवाळ धरतं आणि डासांच्या अळ्या होतात त्या वेगळ्याच.

अडीच वाजता मुंगूस आलं. कुंपणाच्या फटीतून, जमिनीला चिकटून, तीन वेळा मागे बघत. मी खिडकीत श्वास धरून उभी. गंगापूर रोडच्या या भागात आता चारी बाजूंनी बिल्डिंगा आहेत, तरी हे कुठून येतं, कुठे जातं, मला अजून कळलेलं नाही.

आता हा आवाज. टुक, टुक, टुक, कुणीतरी लांब तांब्याच्या भांड्यावर ठोके मारतंय असं वाटतं ना, म्हणून तर याचं नाव तांबट. चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवागार, कपाळावर आणि छातीवर लाल. शेवग्याची एक फांदी वाळलेली होती, तिच्या खालच्या अंगाला त्याने चोचीने कोरून गोल ढोली केली, खाली बारीक भुसा पडलेला मी रोज झाडत होते. मे महिन्यात पावसाआधी फांद्या छाटायला माणसं आली आणि आधी हीच वाळकी फांदी दाखवली त्यांनी, त्यांचंही चुकलं नाही, वाळकी फांदी वादळात पडते. मी त्यांना ढोलीतून बाहेर आलेलं डोकं दाखवलं. एक काका बराच वेळ बघत उभे राहिले, म्हणाले, राहू द्या ताई, पोरं उडाल्यावर तोडू. छाटणी नेमकी घरट्यांच्या दिवसांत होते हे मला फार लागतं, निदान कुऱ्हाड लावायच्या आधी एकदा वर बघा, वाळक्या फांदीतल्या ढोल्या आणि पानांतले वाटीएवढे खोपे दोन्ही.

चिमण्यांचं थोडं सांगते. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतोय, त्याच्यामागे ज्यांचा पुढाकार होता ते मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरेव्हर सोसायटी आपल्या नाशिकचीच. आम्ही ओट्याच्या वर लाकडी खोका लावलाय, भोक सव्वा इंचाचं, त्याहून मोठं केलं तर साळुंकी घुसते. आणि एक गोष्ट मला खूप उशिरा कळली, चिमणी स्वतः दाणे खाते पण पिल्लांना पहिल्या दिवसांत किडे, अळ्या लागतात, त्यामुळे बाजरी टाकायची आणि त्याच अंगणात गुलाबावर औषध मारायचं, हे दोन्ही एकत्र चालत नाही. आम्ही फवारणी पूर्ण बंद केली, कढीलिंबाची पानं कुरतडलेली दिसतात, दिसू देत.

कोकिळेबद्दलही, कारण शाळेत आपण उलटं शिकलो. गातो तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती गात नाही, तिचा नुसता किक-किक असा घाईचा आवाज. कावळ्याची अंडी घालायची वेळ आणि हिची वेळ एकच, कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकून ती मोकळी.

आता मधुमालतीकडे या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बुलबुलाने इथे खोपा केला, हाताच्या उंचीवर, वाटीसारखा, गवत आणि कोळ्याचं जाळं. तीन अंडी, गुलाबीसर, त्यावर लालसर ठिपके. आम्ही त्या बाजूचं दार वापरणंच बंद केलं. तेराव्या दिवशी पिल्लं बाहेर आली, उघडी, आंधळी, नुसती चोच. दोघं मिळून दिवसभर भरवत होते.

चौथ्या दिवशी सकाळी आई देवपूजेची फुलं काढत होती आणि कुंपणावर भारद्वाज आला. तांबडे पंख, लाल डोळा. आईने लगेच हात जोडले, भारद्वाज दिसला म्हणजे दिवस चांगला, तिच्या माहेरी सगळेच मानायचे. तो चालत चालत मधुमालतीत शिरला. बुलबुल किंचाळायला लागले, सातभाई धावून आले, खार वरून ओरडत होती, मी बाहेर पळाले तोवर सगळं आटपलेलं होतं. खोपा रिकामा.

आई दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, त्याचीही पोरं असतील कुठेतरी. आणि असतीलच, भारद्वाज सरडे, गोगलगायी, अंडी, पिल्लं सगळं खातो, त्याच्याही घरट्याचे दिवस जवळ आलेले. मला हे पटायला वेळ लागला, खरं सांगते, पुढचे दोन दिवस मी कॅमेरा लावलाच नाही. आई मात्र त्यानंतर भारद्वाज दिसला की अजूनही हात जोडते.

बुलबुल थांबले नाहीत. आठवड्याभरात लिंबाच्या झाडात दुसरा खोपा सुरू झाला, या वेळी आत, काट्यांच्या मधोमध, त्याच नळाच्या पाण्यावर वाढलेल्या झाडात. तोवर सरड्याचं डोकं लालभडक झालेलं, मान वरखाली करत तो कुंपणावर आपली हद्द सांगत होता. रात्री दिव्याखाली पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी किडे टिपायची, आमच्या शेजारच्या आजी त्याला अभद्र म्हणतात, मी त्यांना व्हिडिओ दाखवला, उंदराचं शेपूट चोचीतून लोंबतंय असा, तेव्हापासून त्या काही बोलत नाहीत.

जूनच्या सुरुवातीला पावशा ओरडायला लागला, पेरते व्हा, पेरते व्हा, दिवसा आणि रात्रीसुद्धा. शेतकऱ्याला हाक देणारा हा पक्षी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो हे किती जणांना माहीत असेल!

बुलबुलाच्या दुसऱ्या खोप्यातलं एक पिल्लू खाली पडलं. पंख आलेले, शेपूट आखूड. असं दिसलं तर घरात आणू नका, ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात, फक्त मांजर येणार नाही एवढं बघा, उचलून जवळच्या फांदीवर ठेवलं तरी चालतं, माणसाचा हात लागला म्हणून ते टाकून देतात हे खरं नाही. तासाभरात बुलबुल चोचीत अळी घेऊन आला, हे बघा.

१७ जूनला दुपारी आभाळ काळं झालं, पांडवलेण्यांचा डोंगर दिसेनासा झाला आणि पहिला मोठा पाऊस आला. परात भरून वाहिली, नळाचा टप टप ऐकूच येईना. लिंबाच्या बाहेरच्या फांदीवर दोन पिल्लं, अंग फुलवून, आयुष्यात पहिल्यांदा भिजत बसलेली, आणि परातीवर त्या दिवशी कुणीच आलं नाही.