डेक्कन कॉलेजचे दोन वाढदिवस

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजला ६ ऑक्टोबर २०२१ रोजी दोनशे वर्षं पूर्ण झाली. द्विशताब्दी म्हटली की समई आली, शाल-श्रीफळ आलं, स्मरणिका आली आणि ‘अखंड ज्ञानयज्ञ’ हा शब्दही आलाच. बाकी सगळं मान्य, पण त्या ‘अखंड’वर माझा आक्षेप आहे. कारण हा यज्ञ मध्ये चक्क पाच वर्षं विझला होता. माझ्या मते, त्यानंतर तो ज्या तऱ्हेनं पेटला, तीच या संस्थेची खरी कमाई आहे.

सुरुवात १८२१ची. पेशवाई बुडून तीन वर्षं झाली होती. श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटण्याची पेशव्यांची प्रथा होती. त्या पैशातला काही भाग काढून इंग्रजांनी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिचंच पुढे पूना कॉलेज झालं आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज. सर जमशेटजी जीजीभाईंच्या मोठ्या देणगीतून येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ साली कॉलेज नदीपलीकडे गेलं. टिळक आणि आगरकर इथलेच विद्यार्थी. टिळकांची खोली अजून जपून ठेवली आहे, लोक आवर्जून बघायला जातात. हा भाग तुम्हांला ठाऊकच आहे, तेव्हा पुढे जातो.

१९३४ साली मुंबई सरकारनं कॉलेज बंद केलं. पुण्यात तोवर इतर कॉलेजं नावारूपाला आली होती, मग हा खर्च कशाला, असा हिशेब. सरकारी हिशेबात बसणारी गोष्ट होती ती. माजी विद्यार्थी मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी कोर्टात धाव घेतली. प्रकरण बरंच रेंगाळलं आणि अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी दारं पुन्हा उघडली. पण आत आता बी. ए.चे वर्ग नव्हते. ही पदव्युत्तर आणि संशोधन संस्था झाली होती. आजच्या अभिमत विद्यापीठाचा खरा जन्म हा.

आणि पहिल्याच वर्षी तिथे कोण कोण आलं बघा. भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वाला हसमुख सांकलिया, समाजशास्त्र आणि मानवशास्त्राला इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यं. शं. शेजवलकर. सगळी मंडळी एका आवारात. त्यामुळे नुसतं शेजारीपाजारी असण्यातून कामं निघाली. गुजरातेत लांघणजला १९४४ साली अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले, तेव्हा सांकलियांच्या जोडीला इरावतीबाई होत्या. खणणारा एक आणि हाडं वाचणारी दुसरी.

पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षं उत्खनन चाललं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं अख्खं गाव उघडं केलं. घराच्या जमिनीखाली पुरलेली तान्ही मुलं सापडली. दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले आणि आत ते बाळ. मोठ्या माणसांना उताणं, उत्तरेकडे डोकं करून पुरत आणि त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. का? मेलेल्यानं चालत परत येऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. पण एक प्रौढ पुरुष असा मिळाला की ज्याची पावलं शाबूत होती. त्याला चार पायांच्या मातीच्या कोठीत मांडी घालून बसवलं होतं. गावातला कुणी मानकरी असावा. शेवटच्या काळात तर ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती हटली आणि माणसं मेंढरांमागे लागली, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. या उत्खननाचा मोठा अहवाल यायला १९८८ साल उजाडलं.

दिरंगाई म्हणाल, तर याच संस्थेच्या संस्कृत शब्दकोशाचं उदाहरण याहून मोठं आहे. कत्रे यांनी १९४८ साली हे काम हाती घेतलं. ऋग्वेदापासून पुढे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे, शब्द कुठे, कोणत्या अर्थानं आला ते चिठ्ठीवर उतरवायचं. अशा कोटीच्या घरात चिठ्ठ्या जमल्या. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला खंड निघाला तो १९७६ साली. आज छापील भागांनी तिशी ओलांडली आहे आणि कोश अजून ‘अ’वरच आहे!

हसू येतं खरं. पण नकाराचा ‘अ’ आणि ‘अन्’ कुठल्याही शब्दाआधी लागतो. शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्गही याच अक्षराचे. तेव्हा संस्कृतातला ‘अ’ म्हणजे भाषेचा केवढा तरी मोठा वाटा. आणि एकेका शब्दासाठी व्याकरण, न्याय, आयुर्वेद, काव्यशास्त्र असं सगळीकडे फिरून यावं लागतं. चिठ्ठी संगणकावर चढवता येते. तिच्यावरचा ‘अर्थ’ धनाचा की प्रयोजनाचा, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं, आणि तो माणूस तयार व्हायला दहा-दहा वर्षं जातात.

द्विशताब्दीच्या निमित्तानं येरवड्याच्या त्या दगडी कमानींची डागडुजी व्हावी, अवश्य व्हावी. पण जाहीर होणाऱ्या निधीतून चार-सहा तरुण संपादकांना कायमच्या पगारावर घेता आलं, तर मी म्हणेन, समारंभ नाही झाला तरी चालेल. त्यांच्यातला कुणीतरी ‘आ’ सुरू करील.

नमस्कार.