विंचू तांबडा, पण कुठला?

नमस्कार मंडळी! रात्रीचे साडेनऊ वाजलेत, मी म्हसवडजवळ एका शेताच्या बांधावर उभा आहे आणि हातात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आहे. साधी बॅटरी बंद करतो. तो बघा, दगडाच्या फटीत, हिरवट निळा चमकतोय! विंचवाच्या कवचातली काही द्रव्यं या प्रकाशात अशी उजळतात.

हा लाल विंचू, शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. पुढचे चिमटे बारीक, शेपूट जाड. मोठी काळी इंगळी दिसली की आपली बोबडी वळते, पण जीवावर बेततं ते या बारीक चिमटेवाल्याचं. म्हणून कुणाला विंचू चावला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'काळा का तांबडा?' प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. पुढचा अर्धा प्रश्न म्हणजे, 'कुठला?'

[स्क्रीनवर सातारा जिल्ह्याचा नकाशा]

पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पूर्वेला आपला माण, इथं पाचशे पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. तिकडं आंबेनळी घाट उतरलात की पोलादपूर, पुढं महाड, म्हणजे कोकण सुरू. कोकणातला लाल विंचू आणि दख्खनच्या कोरड्या पठारावरचा लाल विंचू, जात एकच. पण कोकणातल्या डंखाची लक्षणं जास्त गंभीर दिसतात. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्हीकडचं विष मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात, घालून तपासलं. विष म्हणजे काही एक पदार्थ नाही, शेकडो छोट्या प्रथिनांचं, पेप्टाइडांचं मिश्रण. तर या दोन मिश्रणांत सारखी निघालेली पेप्टाइडं थोडीच होती. एकाच नावाचा मसाला, पण घरागणिक वाटण वेगळं, तसं.

असं का होतं? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. पिल्लं खरंच आईच्या पाठीवर असतात. पण हे बिऱ्हाड फार लांब जात नाही! पंख नाहीत, अंडी वाऱ्यावर जात नाहीत, पिल्लं थेट जन्मतात आणि आसपासच वाढतात. मधे डोंगर आला की इकडचे इकडं, तिकडचे तिकडं. पिढ्यानपिढ्या वेगळं भक्ष्य, वेगळे शत्रू, वेगळं हवामान. विष बनवायला शरीराची ताकदही बरीच जाते, त्यामुळे जे कामाचं ते टिकतं.

ब्राझीलमधलं उदाहरण तर मला फार आवडतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पारा नावाचं राज्य आहे, तिथं टिटियस ऑब्स्क्युरस हा विंचू. राज्याच्या पूर्व भागात तो चावला की मुख्यतः जागेवर दुखतं. पश्चिमेला, सांतारेमच्या बाजूला, तोच चावला की माणसाला अंगातून करंट गेल्यासारखं वाटतं, स्नायू उडतात, चालताना तोल जातो. एक राज्य, एक विंचू, दोन आजार!

आता मुद्द्याचं. लस म्हणजे प्रतिविष कसं करतात? विंचवाला हलका विजेचा झटका देऊन विष काढतात, घोड्याला थोडं थोडं टोचतात, मग घोड्याच्या रक्तात तयार झालेली, विषाला पकडणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, वेगळी करतात. म्हणजे घोड्याला ओळख पटते ती त्याला टोचलेल्या विषाचीच. म्हणून विंचू कुठून गोळा केले, याला महत्त्व आहे. बत्तीस शिराळ्याच्या मंडळींना हे नवं नाही. सापाच्या लसीचीही हीच अडचण आहे. तिचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं आणि साप चावतो आपल्या शिवारात.

पण विंचवाच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं. लाल विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. मग शरीर स्वतःच ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं ओततं: दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी साठतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून हे वादळ शमवलं. आता गंमत बघा. गोळी विषाशी भांडतच नाही, आपल्या शरीराच्या गोंधळाला आवर घालते. त्यामुळे विंचू कोकणातला की माणदेशातला, गोळीला फरक पडत नाही! लसीला पडू शकतो. पण लस जुळली की काम झपाट्यानं होतं: 2011 मध्ये महाडच्या 70 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे झाले, नुसती गोळी घेतलेल्या 35 पैकी 8.

एक उलटा प्रकार ध्यानात ठेवा. जागेवर जीव खाऊन दुखतंय पण बाकी काही नाही, तर बहुधा निभावतं. मांत्रिकाचा 'उतरलेला' विंचू बहुतेक याच गटातला. दुखणं कमी पण घाम फुटलाय, हातपाय गार पडलेत, तर थांबू नका, दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटच बघू नका.

आणि प्राझोसिन घरी स्वतःच्या मनानं घेऊ नका, उठताना रक्तदाब एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो. दवाखान्यात गेल्यावर दोन गोष्टी आपणहून सांगा, किती वाजता चावला आणि कुठल्या गावात. शेणी काढताना की कडब्याची पेंढी उचलताना, तेही सांगा हवं तर.

चला, आता हा हळूच फटीत शिरलाय. पलीकडच्या तालीवर अजून एक चमकतोय, कॅमेरा घेऊन ये रे.