विश्वस्ताची सही

मंडळी, संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ पर्यावरणप्रेमी' असं छापलंय. ते खोडून 'माजी खजिनदार' असं करून घ्या. अंजनाचं झाड कुठलं आणि अंजनीचं कुठलं, यात मी आजही गोंधळतो. बावीस वर्षं मी एका संस्थेची किर्द लिहिली, एवढीच माझी पात्रता. संस्था छोटी, तालुक्यापुरती. डोंगरावर झाडं लावायची, उन्हाळ्याआधी वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या, शाळेच्या पोरांची निसर्गशिबिरं घ्यायची, पावसाळ्यात लोकांना पायवाटांनी हिंडवून आणायचं. तुमच्यापैकी बहुतेकांच्या संस्था अशाच आहेत आणि तुम्ही नुकतेच त्यांचे विश्वस्त झाला आहात. म्हणून आज झाडांबद्दल काही बोलत नाही. सहीबद्दल बोलतो.

विश्वस्त होतो कसा, ते आधी आठवा. कुणी निवृत्त होतं, कुणी जातं. मग एका रविवारी सचिवांचा फोन येतो, "अहो, तुमचं नाव घालतोय हं, काही करावं लागणार नाही, फक्त सही." या वाक्यातला 'फक्त' हा शब्द मी ऐकलेल्या शब्दांत सगळ्यात महाग पडलेला आहे. खड्डे खणायला दुसरे लोक मिळतात. पोरं येतात, एनएसएसवाले येतात, हल्ली कंपन्यांचे कर्मचारीसुद्धा एकसारखे टी-शर्ट घालून येतात. सही मात्र तुमच्याशिवाय कुणालाच करता येत नाही.

आपल्याकडचा कायदा आहे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. पूर्वी त्याच्या नावात 'मुंबई' होतं. आपल्यातल्या बऱ्याच संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेल्या असतात, म्हणून घरात सासू आणि जाऊ दोघींचं ऐकावं लागतं. या अधिनियमाच्या नवव्या कलमात धर्मादाय उद्देश कोणते ते सांगितलंय. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत हे तर आहेच. पण त्यातच, समाजाच्या कल्याणासाठी आणि लोकहितासाठी असेल तर करमणुकीच्या आणि फुरसतीच्या सोयी हाही धर्मादाय उद्देश मानलेला आहे. मला हे फार आवडतं. गिरणीतल्या माणसाला, कारकुनाला, दहावीच्या पोराला रविवारी डोंगरावर मोकळं हिंडता यावं, याला कायदा पुण्यकर्म म्हणतो.

आयकरवाले मात्र वेगळ्या चष्म्यातून बघतात. २००९ पासून पर्यावरणाचं जतन, म्हणजे पाणलोट, जंगल, वन्यजीव, हा आयकर कायद्यात स्वतंत्र धर्मादाय उद्देश झाला. हिंडणं-फिरणं तिथे 'सर्वसाधारण लोकोपयोग' या मोठ्या गोणीत पडतं. आणि त्या गोणीतल्या कामातून शुल्क घेऊन धंद्यासारखी जमा केलीत, ती एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली, की तुमची करसवलत धोक्यात येते. म्हणजे रोपवाटिका एका खात्यात आणि सशुल्क ट्रेक दुसऱ्या खात्यात, हे खजिनदाराने पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवायचं. आमच्याकडे अकरा वर्षं दोन्ही एकाच वहीत होतं. तो गुंता सोडवायला लेखापरीक्षकांनी जितका चहा प्यायला, त्यात एक छोटी जाळरेषा निघाली असती.

आता 'मानद' या शब्दाबद्दल. या शब्दाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, स्थापन केली. त्यात दोन आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि सखाराम अर्जुन हे डॉक्टर असून वनस्पतींचे जाणकार, रखमाबाईंचे सावत्र वडील. सुरुवातीला या संस्थेकडे स्वतःची जागा नव्हती. मग एच. एम. फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याने फोर्ट भागातल्या आपल्या दुकानात खोली दिली आणि पुढे हे गृहस्थ वर्षानुवर्षं मानद सचिव राहिले. त्यांच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात एक धनेश पक्षी होता, विल्यम नावाचा, १८९४ पासून १९२० पर्यंत. संस्थेच्या आजच्या इमारतीचं नाव हॉर्नबिल हाउस, म्हणजे धनेशाचं घर, ते त्याच्यावरूनच. फिप्सननंतर सचिव झालेले मिलार्डही त्याच पेढीतले. १९०८ मध्ये, पुढे पक्षीशास्त्रज्ञ झालेला लहानगा सालिम अली गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन गेला तो याच मिलार्डसाहेबांकडे. पगार घेणारा कारकून त्या दिवशी दारात असता तर त्याने पोराला 'उद्या या' म्हटलं असतं की काय, असं मला उगाच वाटतं.

ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, मीही सांगतो. पण खजिनदार म्हणून मला त्यात दुसरंही काही दिसतं. संस्था एका माणसाच्या दुकानात राहत होती. तो माणूस भला होता म्हणून पार पडलं. बीएनएचएस पुढे त्या दुकानातून बाहेर पडून स्वतःच्या घरात गेली. आपल्यातल्या किती संस्था अजून सचिवांच्या माळ्यावर राहतात? पावतीपुस्तकं त्यांच्या कपाटात, नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र त्यांच्या लॉकरमध्ये, ईमेलचा पासवर्ड त्यांच्या मुलीला ठाऊक. हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे.

कागदांचं एक वेळ निभावतं. जमिनीचं निभावत नाही, आणि इथे मला थोडा वेळ थांबायचंय.

आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ते संस्थेलाही लागू होतं. डोंगरउतारावरची पडीक जमीनही सातबाऱ्यावर शेतजमीनच असते. मग काय होतं? वर्गणी काढून तीन एकर घ्यायचे ठरतात, परवानगीला वेळ लागणार असतो, आणि कुणीतरी म्हणतं, "आपल्या अध्यक्षांचा सातबारा आहेच की. तूर्त त्यांच्या नावावर घेऊ, नंतर करू संस्थेच्या नावे." आम्ही हेच केलं. अध्यक्ष देवमाणूस होते. त्यांच्या नावावर आम्ही चौदाशे झाडं लावली, पाण्याची टाकी बांधली, एक शेड उभारली. खर्च सगळा संस्थेच्या खतावणीत. आणि एका फेब्रुवारीत अध्यक्ष गेले.

तेराव्यानंतर वारसनोंद झाली, तलाठ्याने रीतसर सगळ्या वारसांची नावं चढवली. मी त्यांना अजिबात दोष देत नाही. त्यांच्या दृष्टीने ती वडिलांची जमीन, आणि कागद त्यांच्याच बाजूने. त्यांच्यातला एक भाऊ अडचणीत होता, त्याला आपला हिस्सा विकायचा होता. आम्ही त्याच्या घरी गेलो, वहिनींनी पोहे दिले, आणि आम्ही त्यांच्याच जमिनीबद्दल त्यांनाच समजावत बसलो. असलं लाजिरवाणं दुपारचं बसणं माझ्या आयुष्यात दुसरं नाही. शेवटी दोन एकर वाचले, एक गेला. गेलेल्या एकरात टाकी होती.

गंमत बघा, ती जमीन संस्थेच्या नावावर असती तर कायदा आमच्या बाजूने उभा राहिला असता, अगदी आमच्याविरुद्धसुद्धा. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ म्हणतं, सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, बदल्यात द्यायची, दान करायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी घ्या. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त किंवा बिनशेती जमीन, इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची, तरीही घ्या. कर्ज काढायचं तरी मंजुरी. तरुण विश्वस्त याला कटकट म्हणतात. ब्रिटनमध्ये १८९५ साली नॅशनल ट्रस्ट निघाला. वेल्समध्ये समुद्राकडे बघणारा पाचेक एकरांचा डोंगरउतार ही त्याची पहिली जमीन. १९०७ च्या कायद्याने त्यांना काही जमिनी कायमच्या 'न विकता येण्याजोग्या' जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे विश्वस्तांनी आपण होऊन आपलेच हात बांधून घेतले, कारण पुढे येणाऱ्या विश्वस्तांना पैशाची नड लागणार हे त्यांना ठाऊक होतं. जमीन सरकारची असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो. पुण्याचं एम्प्रेस गार्डन सांभाळणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० ची. इतकी जुनी संस्था, पण २०१८ च्या सुमारास बागेच्या जागेचा काही भाग न्यायाधीशांच्या निवासस्थानांसाठी घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पुणेकरांना विरोधाला उभं राहावंच लागलं.

बदल अर्जाचं पटकन सांगतो. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, नवा निवडला, की ९० दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे कळवायचं. न कळवल्यास जुनीच नावं नोंदवहीत राहतात. आमच्या ओळखीच्या एका संस्थेच्या नोंदीत तीन विश्वस्त होते, तिघेही दिवंगत. बँकेने खातं गोठवलं, रोपवाटिकेतल्या बाईंचा पाच महिन्यांचा पगार अडकला, आणि ऐन जूनमध्ये पिशव्यांतली रोपं तिथेच मुळं धरून बसली. करसवलतीची नोंदणी, म्हणजे आपण जिला बारा-अ आणि ऐंशी-जी म्हणतो ती, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करून घ्यावी लागते, आणि देणगीदारांची यादी दर वर्षी ३१ मेच्या आत भरायची असते. तुमचं सगळं लक्ष मे महिन्यात खड्डे आणि पाऊस याकडे असतं, म्हणून तारीख आठवणीने सांगितली.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे आपलीच माणसं. शिबिराला तंबू लागतात. एका विश्वस्ताच्या मुलाचं तंबूंचं दुकान असतं. तो स्वस्तात देतो, वेळेवर देतो, फाटके देत नाही. आता यात वाईट काय? काहीच नाही. फक्त त्या विषयाला तो विश्वस्त बैठकीतून उठून बाहेर गेला पाहिजे, आणि 'अमुक सदस्य चर्चेत सहभागी झाले नाहीत' असं इतिवृत्तात आलं पाहिजे. आमच्याकडे हे पहिल्यांदा सुचवलं तेव्हा त्या गृहस्थांना अपमान वाटला. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. दोन वर्षं माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण त्यानंतर तंबूंचे दर कुणी विचारले तर माझ्याकडे दाखवायला पान होतं.

अपघाताबद्दल एवढंच म्हणेन की धबधब्याखाली पोरगं घसरल्यावर पहिला फोन डॉक्टरला जातो आणि दुसरा विश्वस्ताला. साहसी उपक्रमांसाठी राज्याचं २०२१ चं धोरण आहे, त्यात नोंदणी, प्रशिक्षित माणसं, बचावाचं साहित्य हे सगळं येतं. ते वाचल्याशिवाय ट्रेकच्या जाहिरातीवर संस्थेचं नाव जाऊ देऊ नका. आमचं पोरगं वाचलं. हात मोडला होता. त्याच्या आईने त्या संध्याकाळी मला विचारलं, "तुम्ही होता का तिथे?" मी नव्हतो. विश्वस्त सहसा तिथे नसतोच.

आता शेवटची गोष्ट, मग चहाला मोकळे व्हा.

आमच्या पहिल्या सात विश्वस्तांत पठारावरचे एक धनगर होते, त्यांना सगळे थोरले बाबा म्हणत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घटना नोंदवताना त्यांचा अंगठा घेतला होता. आमच्यातल्या काहींना हा नुसता मान वाटायचा, स्थानिक माणूस हवा म्हणून घेतलेला. एका वर्षी शहरातल्या काही मंडळींनी पठाराच्या कडेला 'निसर्ग निवास' बांधायचा प्रस्ताव आणला. जागा संस्थेची, ३० वर्षांचा भाडेपट्टा, दर वर्षी चांगली रक्कम. आमची तिजोरी तेव्हा रिकामी होती. ठराव टाइप होऊनच आला होता, सूचक-अनुमोदक ठरलेले होते. बैठक अर्ध्या तासात संपायची होती, कारण खाली जीप थांबली होती.

वही फिरली. थोरल्या बाबांपुढे आली तेव्हा ते म्हणाले, "वाचून दावा." कुणीतरी ठराव वाचला. ते म्हणाले, "ह्यो न्हाई. त्यामागचा." म्हणजे भाडेपट्ट्याचा मसुदा, सहा पानी. तोही वाचला. चौथ्या पानावर ते म्हणाले, "पान्याचं परत." परत वाचलं. कड्याखालच्या टाक्याचं पाणी भाडेकरूच्या वापरासाठी राखीव राहील, असं तिथे लिहिलं होतं. ते टाकं म्हणजे चैत्र-वैशाखात वरच्या दोन वाड्यांचं आणि त्यांच्या शेळ्यामेंढ्यांचं एकमेव पाणी. बाबांनी शाईचं पॅड बाजूला सरकवलं, काठी घेतली आणि ते उठले. कुणाला काही बोलले नाहीत.

धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते हे आम्हाला वकिलांनी नंतर सांगितलं. प्रस्ताव तिथवर गेलाच नाही. इतिवृत्ताच्या त्या पानावर सहा सह्या आहेत आणि सातव्या नावापुढची जागा कोरी आहे. सहांपैकी तिसरी सही माझी आहे. मसुदा माझ्याकडे चार दिवस आधी आला होता.