१,७५० रुपयांची रेषा

सकाळी सातच्या सुमारास नवी मुंबईतल्या दिघा, रबाळे आणि तुर्भे स्टोअरच्या वस्त्यांमधून बायका कामाला निघतात. काही जणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत पॅकिंगच्या कामावर जातात, तर पुष्कळ जणी रूळ ओलांडून ऐरोली, कोपरखैरणे आणि वाशीच्या सोसायट्यांत धुणीभांडी व स्वयंपाक करायला जातात. अशा घरांत पैसा दोन वाटांनी येतो, एक मजुरीचा आणि दुसरा सरकारी योजनांचा. या दोन वाटा एकमेकींना नेमक्या कुठे अडवतात, हे या चित्रफितीत पाहायचे आहे.

त्यांच्यापैकी एखाद्या विधवेचा हिशेब मांडून पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून तिला दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव तरी असावे लागते, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. वर्षाचे २१,००० म्हणजे महिन्याचे १,७५०. नवी मुंबईत दोन-तीन घरांची कामे धरली की ही रेषा मागे पडते, आणि ती ओलांडणाऱ्याचे अनुदान थोडेथोडे कमी होत नाही, पात्रताच संपते.

प्रत्यक्षात घरकामाची मजुरी रोख मिळते, तिची नोंद कुठे होत नाही, म्हणून अनुदान चालू राहते. अडचण उभी राहते ती याच बाईला कारखान्यात कंत्राटदाराच्या हजेरीपटावर काम मिळते तेव्हा, कारण आता पगार बँकेत जमा होणार, भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडणार आणि पुढच्या दाखल्याच्या वेळी हे सारे कागदावर दिसणार. कर्मचारी राज्य विमा योजनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराला संरक्षण मिळते. निराधार योजनेत तोच आकडा अख्ख्या वर्षाचा आहे. म्हणजे जिथे आजारपणाची सोय आहे ते काम स्वीकारले की आधार सुटतो, आणि जिथे कसलीच सोय नाही त्या कामात तो टिकतो. त्यात कंत्राट सहा महिन्यांत संपले, तर पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले आणि पुन्हा मंजुरीची वाट. अशा स्थितीत कुणी नोंदीची नोकरी टाळली, तर तिला आळशी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिने हिशेब केला आहे, आणि तो बरोबर आहे.

रेशनचेही तसेच आहे. शहरातल्या प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे सवलतीच्या धान्याला पात्र ठरणाऱ्या घरासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, आणि किमान वेतनाची एकच पूर्णवेळ नोकरी ती सहज ओलांडते.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची मर्यादा त्या मानाने उदार आहे. मात्र कुटुंबात कुणाच्या नावावर चारचाकी असेल, तर लाभ मिळत नाही. या अटीतून ट्रॅक्टर वगळला आहे, टेम्पो वगळलेला नाही. वाशीच्या बाजार समितीत भाजी वाहण्यासाठी नवऱ्याने कर्ज काढून घेतलेला जुना टेम्पो त्यामुळे श्रीमंतीची खूण ठरतो. शेतकऱ्याचे अवजार ओळखणाऱ्या राज्याला शहरातल्या कष्टकऱ्याचे अवजारही ओळखता यायला हवे.

इतर देशांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ब्रिटनमध्ये एका मर्यादेनंतर कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे मदतीतून ५५ पेन्स वजा होतात; २०२१ पर्यंत ६३ होत असत. ही पद्धत पगाराच्या मासिक नोंदींवर चालते, त्यामुळे आपल्या रोखीच्या मजुरीला ती आज बसणार नाही. ब्राझीलची वाट आपल्याला जवळची आहे. तिथल्या ‘बोल्सा फॅमिलिया’ योजनेत २०२३ मध्ये असा नियम आला, की कुटुंबाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपर्यंत वाढले तरी दोन वर्षे निम्मी रक्कम चालू राहावी. २०२५ मध्ये हा काळ एक वर्षावर आणला गेला. पण माझ्या मते त्याहून मोलाची तरतूद दुसरीच आहे. नोकरी गेलेल्या कुटुंबाला योजनेत परतताना तिथे प्राधान्य मिळते. आपल्याकडे निराधार योजनेत आणि रेशनमध्ये एवढे जरी लिहिले गेले, तरी कंत्राटी काम स्वीकारण्यामागची निम्मी भीती सरेल.

काम नसताना राज्याने पाठीशी उभे राहावे, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, ग्रामीण भागासाठीची रोजगार हमी २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याच्या रूपाने लागू झाली, आणि तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. महिना दहा हजारांहून अधिक कमावणारा ठाण्यातला पुरुष कामगार आजही हा कर भरतो. त्याच्या वस्तीत मात्र कामाची तशी हमी नाही.

आणि तान्ह्या मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर द्यावे लागते, अशी दुरुस्ती २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झाली. चार सोसायट्यांत भांडी घासणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. अंगणवाडी तीन वर्षांवरच्या मुलांना काही तास सांभाळते आणि दुपारी सुटते, तर कारखान्याची पाळी संध्याकाळी. त्या मधल्या वेळात धाकट्याजवळ कुणीतरी थांबावे लागते, आणि बऱ्याचदा त्यासाठी मोठी बहीण शाळा बुडवून घरी राहते.