बिळाच्या मापाची कुत्री

[पडद्यावर: कुत्र्याचा पुढचा पंजा, अगदी जवळून]

बोटं मोजा. चार... पाच... आणि हे सहावं. मोजण्यात चूक नाही. नॉर्वेच्या लुंडेहुंडला प्रत्येक पायाला निदान सहा बोटं असतात. वजन म्हणाल तर जेमतेम सहा-सात किलो.

लोफोटेन बेटांच्या टोकाला व्हेरॉय नावाचं बेट आहे. तिथले कडे थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्या कपारींत, बिळांत पफिन पक्षी घरटी करतात. नॉर्वेजियन भाषेत पफिन म्हणजे 'लुंडे' आणि कुत्रा म्हणजे 'हुंड'. मोस्टाड गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री पफिन धरायला पाळत. निसरडा कडा चढायचा, बिळात शिरायचं आणि पक्षी तोंडात धरून मालकाकडे आणायचा.

आता अंगाची ठेवण बघा. पुढचे पाय दोन्ही बाजूंना आडवे पसरतात, आपण हात फैलावून भिंतीला चिकटावं तसे. मान मागे वळते ती थेट डोकं पाठीला टेकेपर्यंत. बिळात वळायला जागा असते कुठे? कान तर पाकिटासारखे मिटतात, म्हणजे माती आत जायला नको.

पुढे माणसं पफिन जाळ्याने धरू लागली आणि या कुत्र्यांचं काम गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाची साथ आली. वाचली ती अक्षरशः बोटांवर मोजण्याइतकी. आजचे सगळे लुंडेहुंड त्या मूठभर कुत्र्यांचे वंशज आहेत. त्यामुळे त्यांच्यात जनुकीय विविधता जवळजवळ उरलेली नाही आणि आतड्याचा एक चिवट आजार या जातीच्या पाठीला लागला आहे.

[पडद्यावर: डॅक्सहुंड बागेत खड्डा खणतोय, माती मागे उडतेय]

हा गडी ओळखीचा. याच्या लांबुळक्या अंगावर विनोद करून झाले असतील तर नाव ऐका. जर्मनमध्ये 'डॅक्स' म्हणजे बॅजर: बिज्जूच्या कुळातलं, बिळात राहणारं, दहा-बारा किलोचं आणि कोंडीत सापडलं तर लचका तोडणारं जनावर. त्याच्या घरात शिरून त्याला रोखून धरणं हे डॅक्सहुंडचं काम. म्हणून पाय आखूड, पंजे फावड्यासारखे रुंद, छाती खोल. आणि त्याचा आवाज! एवढ्याशा कुत्र्याला इतका भरदार आवाज कशाला, असं शेजाऱ्यांना वाटतं. पण वर उभ्या शिकाऱ्याला कुत्रा जमिनीखाली नेमका कुठे आहे, हे त्या भुंकण्यावरूनच कळायचं.

जर्मनीत डॅक्सहुंडचे तीन आकार ठरवतात ते छातीच्या घेरावरून. मोजपट्टी छातीभोवती फिरते, कारण प्रश्न एकच: कोणत्या बिळात मावेल? सगळ्यात लहान आकाराला तिथे सशाच्या बिळावरूनच नाव आहे. याच जर्मनीने १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभचिन्ह म्हणून रंगीबेरंगी पट्ट्यांचा डॅक्सहुंड निवडला. 'वाल्डी' त्याचं नाव. मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्या आकारात आखला होता.

आखूड पायांचं गुपित २००९मध्ये उलगडलं. डॅक्सहुंड, कॉर्गी, बॅसेट हाउंड यांच्या शरीरात एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत सापडली. तिच्यामुळे पायांच्या हाडांची वाढ लवकर थांबते. अशाच आणखी एका जादा प्रतीमुळे मणक्यांमधल्या चकत्या अकाली कडक होतात. म्हणून डॅक्सहुंडला सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत, हे माझं ठाम मत.

एकूण अंगकाठी लहान करणारा जनुकातला बदल मात्र वेगळा, आणि फार जुना. २०२२मध्ये शास्त्रज्ञांना तो सैबेरियातल्या सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यात आढळला. तेव्हा माणसाने कुत्रा पाळलाही नव्हता.

[पडद्यावर: पेकिंगीज, चपटं नाक, आयाळ]

सगळीच छोटी कुत्री कष्टकरी नव्हती, हेही खरं. पेकिंगीज चीनच्या राजवाड्यातला. त्यातल्या सगळ्यात चिमुकल्यांना 'बाहीतली कुत्री' म्हणत, कारण दरबारी झग्याच्या बाहीत ती मावत. म्हणजे मापाला इथे बिळाऐवजी बाही. १८६०मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला. तिथून उचललेला एक पेकिंगीज राणी व्हिक्टोरियाला नजर झाला. त्याचं नाव ठेवलं 'लूटी'. हो, इंग्रजीत गेलेली ही आपलीच 'लूट'. इतकं निर्लज्ज नाव क्वचितच कुणा प्राण्याच्या वाट्याला आलं असेल. पेकिंगीजच्या चेहऱ्याचं कौतुक करताना त्याचा श्वासही ऐकावा. ती घरघर त्या चपट्या नाकाचीच.

मेक्सिकोच्या एका राज्याचं नाव मिरवणारा चिवावा जगातल्या सर्वांत लहान जातींपैकी एक. यांतल्या काहींची टाळू तान्ह्या बाळासारखी मऊ असते आणि मोठेपणीही पूर्ण भरत नाही. उचलताना सांभाळून.

[पडद्यावर: यॉर्कशायर टेरियर, रेशमी केस, डोक्यावर रिबीन]

रिबिनीवर जाऊ नका. एकोणिसाव्या शतकात कामाच्या शोधात स्कॉटलंडचे विणकर उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांत आले. त्यांनी सोबत टेरियर आणले. त्या कुत्र्यांचं काम उंदीर मारण्याचं. त्यांच्यातून यॉर्कशायर टेरियर घडला. पुढे केसांना भाव आला आणि उंदीर विसरले गेले.

१९४४मध्ये न्यू गिनीच्या जंगलात, एका खंदकात, अशीच एक कुत्री अमेरिकन सैनिकाला सापडली. स्मोकी. वजन दोन किलोसुद्धा नाही. तिला पाळलं विल्यम विन या सैनिकाने. पुढे फिलिपिन्समध्ये लिंगायेनच्या विमानतळावर धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. खाली जुना नळ होता, सुमारे २१ मीटर लांब, २० सेंटीमीटर व्यासाचा आणि जागोजागी मातीने अर्धा भरलेला. धावपट्टी खोदायची तर तीन दिवस, आणि वर बाँबहल्ल्याचं भय. विनने स्मोकीच्या गळपट्ट्याला दोरी बांधली, तिला एका तोंडाशी सोडलं आणि दुसऱ्या तोंडाशी जाऊन हाका मारू लागला. मध्येच ती थबकली. दोरी अडकली होती. मग सुटली. आत इतकी धूळ उठली की काही दिसेना.

आणि त्या धुळीत, आधी दोन पिंगट डोळे दिसले.