वाटणीपत्र नसलेला धंदा

(एका फिल्म सोसायटीत 'शुगर हिल' हा हेरॉइन विकणाऱ्या दोन भावांचा अमेरिकी सिनेमा दाखवल्यावर केलेलं भाषण, थोडं संपादित.)

दिवे लागले तसं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हा तर आपला 'दीवार'च की." मला हे येणार ठाऊक होतं. पडद्यावर दोन भाऊ आले, त्यातल्या एकाची वाट चुकली, की आपल्याला 'दीवार' आठवतो. गेली कित्येक वर्षं प्रत्येक खेळानंतर मी हे वाक्य ऐकतोय आणि प्रत्येक वेळी घरी जाताना जीव तळमळतो. आज बोलायची संधी दिलीत, तर आधी हेच मोकळं करतो.

'दीवार'मध्ये एक भाऊ तस्कर, दुसरा फौजदार. दोघांच्या मधे कायदा उभा आहे आणि आईला एक बाजू धरावी लागते. आत्ता पाहिलेल्या घरात कायदा आहे कुठे? रेनेथन थोरला, रोमेलो धाकटा, दोघंही हेरॉइन विकतात, दोघांचा गल्ला एक. पोलीस त्यांच्यात भांडण लावायला येत नाहीत. मग भांडण कशाचं? धाकट्याला वेगळं निघायचंय. एवढंच. ज्या भाषेत भाऊबंदकी हा शब्द रोजच्या वापरात आहे, त्या भाषेतल्या माणसांनी तरी हा सिनेमा गुन्हेगारीचा म्हणून पाहू नये. हा वाटणीचा सिनेमा आहे.

वेगळं निघणं म्हणजे काय, ते मी नऊ वर्षांचा असताना पाहिलं. 1978 साल. सांगलीला आमची हळदीची अडत होती. आजोबा गेल्यावर थोरले म्हणून काका गादीवर बसायचे, रोजमेळ त्यांच्या हातचा. वडील सौद्याला, तोलाला, शेतकऱ्यांच्या चहापाण्याला. हळद घरातही यायची. वडिलांचा सदरा कितीही धुतला तरी बगलेत पिवळाच. तर त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा झाली, बत्तासे वाटून झाले आणि वडील सहज म्हणाले, "दादा, मागल्या सालची खतावणी जरा बघू का?"

काकांनी हातातला दौत-टाक खाली ठेवला. "म्हणजे तू माझ्याकडं हिशेब मागतोस?"

बस. पुढचे चार महिने आमच्या माडीवर पाच पंच बसत होते. अडत काकांकडे, शेत आमच्याकडे, घराच्या मधोमध भिंत. शेवटी भांडी उरली. ती मोजायचं काम मला दिलं, कारण मी लहान आणि दोन्हीकडचा. सगळी भांडी अंगणात मांडली होती. थोरल्याच्या भांड्यावर खडूनं 'थो' लिहायचं, धाकट्याच्या भांड्यावर 'धा'. बंब 'थो', घंगाळ 'धा', तांब्या-फुलपात्री मोजून निम्मी निम्मी. मोठी पितळी परात ओली होती. तिच्यावर खडू उमटेना, म्हणून मी खिळा घेतला आणि 'धा' कोरून टाकला. आजीनं थोबाडीत दिली. तिला भांडं खराब झाल्याचं दुःख नव्हतं. खडू पुसता आला असता, खिळा पुसता येत नव्हता. ती परात अजून माझ्या घरी आहे. कणीक मळायला घेतली की आधी तळातलं अक्षर दिसतं, मग पिठाखाली जातं.

आणखी एक सांगतो, मग पुढे जातो. स्टँप पेपरवर सह्या झाल्या, तलाठ्याकडे नावं वेगळी लागली, आणि त्यानंतर दोघं भाऊ आठ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पण आत्या मिरजेला. भाऊबीजेला ती दोघांनाही तीच वेळ सांगायची. दोघं वेगवेगळ्या बसनं यायचे, शेजारशेजारच्या पाटांवर बसायचे, एकाच तबकात ओवाळणी टाकायचे आणि वेगवेगळ्या बसनं परत जायचे. आत्या मधे उभी राहून दोघांना ओवाळायची. मला ते तेव्हा विचित्र वाटायचं. आता वाटतं, फार मोठी सोय होती ती. भांडणाला एक जागा होती, कागद होता, पंच होते, आणि पंचांचं संपल्यावर आत्या होती.

आता या स्कग्ज भावांकडे बघा. पहिल्याच प्रसंगात आई हेरॉइन टोचून घेते आणि मुलांच्या डोळ्यांदेखत जाते. बाप एके काळचा वादक, त्याच नशेत वाया गेलेला. या पोरांच्या वाट्याला काय आलं? घर नाही, जमीन नाही, वादकाचं नावसुद्धा नाही. आला तो फक्त भाऊ. रेनेथनच्या मते धाकट्याला त्यानं वाढवलंय. ती त्याची एकमेव कमाई. आणि धाकटा, हुशार, शिकला असता असा, म्हणतो की मी चाललो नॉर्थ कॅरोलायनाला. आमच्या काकांनी टाक खाली ठेवला होता. रेनेथननं ते वाक्य ऐकलं, तेव्हा त्याचं काम करणाऱ्या मायकल राइटचा चेहरा पुन्हा पाहा. मला त्यात तोच टाक दिसतो.

जागेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. शुगर हिल हा न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा उंचावरचा भाग, 145व्या रस्त्याच्या वर. 1920च्या दशकात शिकलेली, कमावती काळी माणसं तिथे राहायला गेली आणि आयुष्य गोड झालं म्हणून टेकडीला साखरेचं नाव पडलं. 409 एजकोम एव्हेन्यू ही एकच इमारत घ्या. थर्गुड मार्शल तिथे राहिले, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झाले. आणि तिथेच 1940च्या दशकात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस राहत होते. 1946 साली त्यांना मुंबईहून एक पत्र गेलं. लिहिणारे होते बाबासाहेब आंबेडकर. अमेरिकेतले काळे लोक आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे मांडतायत असं त्यांनी वाचलं होतं, अस्पृश्यांसाठीही तसं करायचा विचार होता, म्हणून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते, म्हणजे हार्लेमच्या शेजारीच. हे मी मुद्दाम सांगतोय. सिनेमात दिसणारी टेकडी ही गुन्हेगारांची वस्ती म्हणून जन्मली नव्हती. दिग्दर्शक लेऑन इचासो आणि पटकथाकार बॅरी मायकल कूपर यांनी सिनेमाला भावांचं नाव दिलं नाही, टेकडीचं दिलं. जिथे बापाच्या पिढीनं स्वप्न पाहिलं तिथेच पोरं विष विकतात, हे सगळं त्या दोन शब्दांत आहे. टेरेन्स ब्लँचर्डचं संगीत ऐकताना मला तर...

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. सभागृह आठला बंद होतं म्हणतात. मग ज्यासाठी उभा राहिलो ते भरभर सांगतो.

प्रश्न असा, की अशा धंद्यात भाऊच का असतात? कारण तिथे उधारी बुडली तर दावा लावता येत नाही. माल घेतला त्याची पावती नाही, भागीदारीचा करार नाही. मग तारण काय ठेवणार? रक्त. हेरॉइन विकणारा फ्रँक लूकस नॉर्थ कॅरोलायनातून हार्लेमला आला आणि त्यानं धंद्यात सख्खे आणि चुलत भाऊ घेतले. त्यांना 'कंट्री बॉइज'च म्हणत, म्हणजे गाववाले. डेट्रॉइटमध्ये 1980च्या दशकात क्रॅक, म्हणजे ओढायचं कोकेन, विकणारे चेंबर्स बंधू आर्कान्सामधल्या मरियाना या छोट्या गावचे. त्यांनी गावाकडची पोरं आणून कामाला लावली. 1988 साली त्यांच्यातल्या चौघा भावांच्या धंद्याचा खटला उभा राहिला आणि त्यांना शिक्षा झाल्या. गावाकडून भाऊ बोलवायचा आणि गिरणीत बदलीवर चिकटवायचा, हे आपल्या परळ-लालबागला नवं आहे का? पद्धत तीच. फरक एकच, आणि तो मोठा. गिरणीतून माणूस राजीनामा देऊन निघू शकत होता.

कारण भाऊ हाच जर तारण असेल, तर भाऊ वेगळा निघाला की तारण गेलं. जो माल देतो तो विचारणार, याला सगळं ठाऊक आहे, हा उद्या कुठे बोलला तर? म्हणून रोमेलोचं 'मी चाललो' हे घरात अपमान ठरतं आणि बाहेर धोका ठरतं. मिताक्षरात, म्हणजे आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या जुन्या हिंदू कायद्यात, मुलाला जन्मानंच वाटणी मागायचा हक्क मिळतो, अगदी धाकट्यालासुद्धा. या धंद्यात तो हक्क कुणाला म्हणजे कुणालाच नाही. वाटणी तरी कशाची करणार? चौकाची? गिऱ्हाइकांच्या नसांची? बरं, सरकारही वाटणी मानत नाही. 1988 साली अमेरिकेच्या संघीय कायद्यात बदल झाला आणि कटात सामील असणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याइतकीच किमान शिक्षा लागू झाली. म्हणजे नुसते निरोप पोचवणाऱ्या धाकट्यावरही सगळ्या मालाचं वजन येऊ शकतं. घर म्हणतं एकत्र राहा, कायदा म्हणतो एकत्रच भोगा.

हो, दोनच मिनिटं. आमच्या माडीवर पाच पंच होते. स्कग्जच्या घरी पंच म्हणून कोण बसणार होतं? बाप स्वतःच शुद्धीत नाही. आई पहिल्या प्रसंगातच गेली. बहीण नाही, म्हणजे दोघांना एकाच वेळेला बोलावणारं कुणी नाही. उरला तो त्यांना माल पुरवणारा म्हातारा गस मोलिनो. त्याला हे भाऊ एकत्र हवेत ते त्यांच्या प्रेमापोटी नव्हे. माडीवर बसायला आलेला पंचच जर हळदीचा व्यापारी असता, तर आमच्या परातीवर कुठलं अक्षर पडलं असतं?

दिवे बंद होतायत. मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांनी बाहेर चहाजवळ थांबावं. मला त्यांच्याशी 'दीवार'मधल्या आईबद्दल बोलायचंय.